उपेक्षा नेमकी कशाची? ‘ओडेसी अँड ऑरॅकल’विषयी एक वादसंवाद

न खपलेली, समीक्षकांच्या नजरेतून निसटलेली आणि काळाच्या पुढे असलेली, ही तीन विशेषणे वास्तविक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पण जुन्या पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांविषयी लिहिताना ती एका दमात उच्चारण्याची सवय पडून गेली आहे, आणि या सवयीचा लाभ ज्यांना सर्वाधिक मिळाला त्यांत ‘द झॉम्बीज’ या इंग्रज वाद्यवृंदाचा ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ हा अल्बम बराच वरच्या क्रमांकावर येतो. १९ एप्रिल १९६८ रोजी तो इंग्लंडमध्ये सीबीएस कंपनीने प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची निर्मिती करणारे पाच जण एकत्र उरलेलेही नव्हते. विक्रीच्या यादीत त्याला तेथे स्थान मिळाले नाही. आणि आज मात्र पॉप-रॉकच्या इतिहासावरील गंभीर ग्रंथाला तो वगळून चालत नाही. रॉक संगीतातील गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांचा ठसका एकीकडे आणि तीनेक मिनिटांच्या, सहज ओठांवर बसणाऱ्या पॉप गीताची बांधणी दुसरीकडे, अशा दोहोंच्या संयोगातून जे संगीत १९६० च्या दशकात रूढ झाले त्याला स्थूलमानाने पॉप-रॉक म्हणतात. ते दोन प्रकारच्या तबकड्यांवर विकले जाई: दोन्ही बाजू मिळून दोनच गीते असलेली छोटी ‘सिंगल’, आणि दोन्ही बाजूंना मिळून अर्धा-पाऊण तास चालणारा ‘अल्बम’. हा भेद वरवर व्यापारी वाटला तरी पुढील सर्व वाद शेवटी त्याच्यापाशीच येऊन थांबतो.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडून मग उत्तरपक्षाने त्याचा परामर्श घेण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखात ती थोडी सैल करून वापरली आहे. दोन्ही पक्षांना आळीपाळीने बोलू दिले आहे आणि सिद्धान्ताचा मान कोणा एकाला देण्याची घाई केलेली नाही. पहिल्या पक्षाला ‘आस्वादक’ म्हटले आहे, कारण त्याचा भर कानांवर आहे. दुसऱ्याला ‘चिकित्सक’, कारण एखादी गोष्ट फार सुरेख जुळून आली की त्याला संशय येतो.

आस्वादक: या अल्बमची थोरवी समजून घ्यायची तर तो कोणत्या हातांनी घडवला, येथून आरंभ करावा लागतो. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात सेंट ऑल्बन्स नावाचे जुने कॅथीड्रल असलेले गाव आहे. तेथील दोन शाळांतील मुलांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हा वाद्यवृंद जमवला: कळवाद्यांवर रॉड अर्जंट, गायनाला कॉलिन ब्लन्स्टोन, गिटारवर पॉल अ‍ॅटकिन्सन, ड्रमवर ह्यू ग्रंडी आणि थोड्या काळाने बेस गिटारवर ख्रिस व्हाइट. अर्जंट लहानपणी कॅथीड्रलच्या गायकमंडळात गात असत. अनेक आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर धरून एकमेकांना आधार देण्याची जी पाश्चात्त्य स्वरमेळाची पद्धत आहे, ती त्यांच्या अंगात चर्चमध्येच मुरली होती. १९६४ मध्ये एका स्थानिक स्पर्धेतील विजयानंतर डेक्का कंपनीने त्यांना करारबद्ध केले, आणि त्याच वर्षी त्यांचे ‘शीज नॉट देअर’ हे पहिलेच सिंगल अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे उतरण लागली, डेक्काशी संबंध संपला, आणि १९६७ मध्ये सीबीएसने त्यांना एका अल्बमसाठी हजार पौंड देऊ केले. या कराराची खरी किंमत पैशांत नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात निर्माता म्हणजे पैसा घालणारा माणूस नव्हे. वाद्ये कशी ऐकू यावीत, कोणता आवाज पुढे आणि कोणता मागे राहावा, हे ठरवणाऱ्याला निर्माता म्हणतात. हा अधिकार प्रथमच अर्जंट आणि व्हाइट यांच्या हाती आला.

चिकित्सक: आणि मग ते लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत गेले, जेथे बीटल्सनी नुकताच ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम पुरा केला होता, आणि तेथे त्यांच्यातील जॉन लेनन यांनी मागे ठेवलेले मेलोट्रॉन नावाचे वाद्य त्यांना आयतेच सापडले, असेच आपण पुढे सांगणार ना? अर्जंट यांनी ते अनेकदा सांगितलेही आहे. शंका त्या घटनेविषयी नाही. हजार पौंडांची चणचण, राजाने मागे ठेवलेली तलवार, दुर्लक्ष, पांगापांग आणि शेवटी उशिराने मिळालेला न्याय, असा सगळा सरंजाम ज्या कथेत आहे ती ऐकून श्रोता तबकडी लावण्यापूर्वीच हळवा झालेला असतो, आणि हळव्या कानांनी केलेले मूल्यमापन कितपत ग्राह्य धरायचे, एवढाच प्रश्न आहे.

आस्वादक: मग कथा क्षणभर बाजूला ठेवून त्या वाद्याकडेच पाहू. मेलोट्रॉन ही बर्मिंगहॅममध्ये बनलेली एक अजब पेटी आहे. बाहेरून ती ऑर्गनसारखी दिसते, पण तिच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा बसवलेला असतो आणि त्यावर व्हायोलिनसमूहाचा, बासरीचा किंवा अन्य कोणत्या वाद्याचा तो एक स्वर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते आणि स्वर उमटतो. सोडली की फीत स्प्रिंगने मागे खेचली जाते. फीत जेमतेम आठ सेकंदांची, त्यामुळे स्वर त्यापुढे धरताच येत नाही. शिवाय फितीचा वेग किंचित डळमळता असल्याने स्वराला एक प्रकारचा कंप येतो, आणि खऱ्या व्हायोलिनांपेक्षा तो स्वर दूरचा, जुन्या भिंतीवरल्या ओलीसारखा झिरपत आलेला वाटतो. हजार पौंडांत वादकांचा ताफा बोलावणे शक्य नव्हते, म्हणून हे वाद्य घेतले गेले. मात्र ‘हंग अप ऑन अ ड्रीम’मध्ये किंवा ‘चेंजेस’च्या आरंभी ते ज्या रीतीने वापरले आहे, तेथे खरा ताफा आणून बसवला तर गीत बिघडेल.

चिकित्सक: काटकसरीला सौंदर्यशास्त्राचे नाव देण्याचा हा प्रकार नवा नाही. ज्याला जे परवडले तेच त्याला हवे होते, असे मागाहून नेहमीच म्हणता येते.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण दोन्ही पक्षांनी ती अध्याहृत धरली आहे. जून ते नोव्हेंबर १९६७ या काळात झालेले हे ध्वनिमुद्रण बव्हंशी अ‍ॅबे रोडमध्ये आणि थोडे ऑलिम्पिक स्टुडिओत झाले. अ‍ॅबे रोड हे त्या काळी ईएमआय कंपनीचे, म्हणजे भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र लावून आपल्याकडे नाट्यगीते आणि भावगीते घरोघर पोचवणाऱ्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या मातृसंस्थेचे ठिकाण. तेथे तेव्हा चार पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रण होई. फितीच्या रुंदीवर चार समांतर पट्ट्या कल्पून प्रत्येकीवर वेगळे वाद्य किंवा आवाज नोंदवायचा, चारही भरल्या की त्या एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवायच्या, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर आणखी आवाज चढवायचे, अशी ती रीत होती. एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नसत, म्हणून प्रत्येक निर्णय कायमचा असे. स्टुडिओचे तास मोजून मिळत असल्याने या पाच जणांनी गीते आधी कसून बसवली होती, आणि जेफ एमरिक व पीटर व्हिन्स यांच्यासारखे कसलेले ध्वनितंत्रज्ञ हाताशी होते. अल्बममध्ये पसारा जवळजवळ नाही, याचे श्रेय प्रतिभेइतकेच या शिस्तीला जाते.

चिकित्सक: नादाचे कौतुक मान्य करू. पण गीतांचे काय? पहिले गीत, ‘केअर ऑफ सेल फॉर्टी-फोर’, तुरुंगातून सुटणार असलेल्या प्रेयसीला लिहिलेले पत्र आहे, आणि त्याची चाल मात्र सहलीला निघाल्यासारखी. दुसऱ्या गीताने शीर्षक उचलले विल्यम फॉकनर यांच्या १९३० च्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या कथेचे. त्या कथेत एक वृद्ध स्त्री प्रियकराचे प्रेत वर्षानुवर्षे घरात दडवून ठेवते, तर गीतात उरली आहे ती फक्त गुलाबांच्या बागेत एकटी म्हातारी होत गेलेली एमिली. प्रेतच काढून घेतल्यावर फॉकनर उरतो कुठे? ‘बीचवुड पार्क’मध्ये आठवणीतल्या पावसाळी संध्याकाळी आहेत. ‘फ्रेंड्स ऑफ माइन’मध्ये तर मागचे गायक आपल्या मित्रमंडळींतील जोडप्यांची नावे एकामागून एक घेतात, लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांची यादी असते तशी. १९६८ हे वर्ष पॅरिसच्या रस्त्यांवरील दंग्यांचे आणि व्हिएतनाम युद्धाचे होते. त्या वर्षी ही सुबक, शाळकरी हुरहुर ऐकायला लोकांना सवड झाली नाही, यात अन्याय तो कोणता?

आस्वादक: तुरुंगाचे गीत पुन्हा ऐकावे. कैदी पुरुष आणि वाट पाहणारी स्त्री ही जगभरच्या लोकगीतांतील रूढ मांडणी. अर्जंट यांनी ती उलटवली. तिने काय गुन्हा केला ते गीत सांगत नाही, वाट पाहणारा ते विचारतही नाही. सुटकेनंतर सगळे पूर्ववत होईल या त्याच्या खात्रीत आनंद जितका आहे तितकाच आंधळेपणा आहे, आणि ती खेळकर चाल त्या आंधळेपणाचीच आहे. चाल उदास असती तर गीताला काही बोलायला उरले नसते. एमिलीच्या गीतात फक्त पियानो आणि आवाज आहेत, दुसरे एकही वाद्य नाही. ब्लन्स्टोन यांचा आवाज त्यात श्वासाने भरलेला, जवळजवळ कुजबुजता. आणि पालुपदाशी बाकीचे आवाज येऊन मिळतात तेव्हा एकटेपणाचे वर्णन समूहाच्या तोंडी येते, जसे गावाने दुरून केलेले. फॉकनरच्या कथेचा निवेदकही एक माणूस नसून ते सगळे गावच आहे. कथेतील प्रेत गळले असेल, निवेदक मात्र शिल्लक आहे.

हे उत्तर हुशार आहे, तथापि ते गीतकाराच्या मनात होते की ऐकणाऱ्याने त्यात पाहिले, हे ठरवायला मार्ग नाही. एमिलीबाबतचा आक्षेप त्यामुळे अर्धा शिल्लक राहतो. पण १९६८ च्या जगाशी या अल्बमचा काही संबंध नव्हता, हा दुसरा आक्षेप एका गीतापाशी अडखळतो, आणि त्या गीतापाशी थोडे थांबणे अवश्य आहे.

‘बुचर्स टेल’ हे ते गीत. उपशीर्षक ‘वेस्टर्न फ्रंट १९१४’, म्हणजे पहिल्या महायुद्धातील फ्रान्स-बेल्जियममधील रणांगण. गावात दुकान चालवणारा एक खाटीक सैनिक होऊन खंदकात पोचला आहे, त्याचे हात थरथरणे थांबत नाही आणि त्याला फक्त घरी जायचे आहे. हे गीत ब्लन्स्टोन गात नाहीत; ते लिहिणारे ख्रिस व्हाइट स्वतः गातात, आणि त्यांच्या कच्च्या, स्वर सुटेल की काय असे वाटणाऱ्या गळ्यामुळे गाणारा गायक आहे हेच विसरायला होते. बेस नाही, ड्रम नाहीत, गिटार नाही. अर्जंट वाजवतात ती पायाने भाता हलवायची पेटी, मराठी संगीत रंगभूमीने जिला ‘पायपेटी’ म्हटले आणि बालगंधर्वांच्या काळात नाट्यपदांच्या साथीला जिच्या थोरल्या बहिणीला, ऑर्गनला, मानाची जागा दिली, त्याच कुळातील. आपल्या कानांना या वाद्याचा परिचय आहे तो भरगच्चपणासाठी: गायकाने तान घेऊन समेवर यावे आणि मागे ऑर्गनचा दाट सूर गालिचासारखा अंथरलेला असावा. येथे त्याचा उपयोग नेमका उलट केला आहे. भात्याला हवा कमी पडत असल्यासारखा सूर धापा टाकतो, ओळीओळीच्या मध्ये खाली बसतो, पुन्हा उठतो, आणि खेड्यातील चर्चमध्ये रविवारी वाजणाऱ्या वाद्याचा हा आवाज खंदकात पोचल्यावर इतका उघडावाघडा झालेला ऐकून अंगावर शहारा येतो. गीताच्या आरंभी जो कर्कश कोलाहल आहे, तो प्येर बुलेझ या फ्रेंच संगीतकाराची तबकडी उलटी आणि वाढवलेल्या वेगाने वाजवून तयार केलेला आहे.

चिकित्सक: गीत असाधारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण ज्या बारकाईची एवढी वाखाणणी करीत आहात तिचा एक नमुना याच गीतात आहे. शीर्षकात साल १९१४, आणि गीतात नावे येतात ती सोम नदीकाठच्या लढाईतील गावांची व व्हर्दूनची. त्या दोन्ही लढाया १९१६ मधल्या. खाटकाला दोन वर्षे पुढचे कसे दिसले?

आस्वादक: चूक आहे, आणि ती चूकच म्हणावी. मात्र अमेरिकेतील कंपनीने या अल्बममधून पहिले सिंगल म्हणून निवडले ते हेच गीत. व्हिएतनाममुळे युद्धविरोधी गीत चालेल असा त्यांचा होरा असावा. तेव्हा अल्बम आपल्या काळाशी फटकून होता असे निदान त्या कंपनीला तरी वाटले नव्हते.

चिकित्सक: आणि ते सिंगल पडले. एखाद्या पेढीने आपल्या दुकानातील सर्वांत भयाण वस्तू दर्शनी खिडकीत मांडावी आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून नशिबाला बोल लावावा, तसा हा व्यवहार झाला. खरे तर मुद्दा येथेच आहे. या अल्बमची उपेक्षा रसिकांनी केली, हा समजच तपासला पाहिजे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये दोन सिंगल काढली गेली, दोन्ही चालली नाहीत. डिसेंबरमध्ये हे पाच जण विखुरले. त्यामागेही प्रतिभेची शोकांतिका वगैरे काही नाही. अर्जंट आणि व्हाइट गीते लिहीत असल्याने त्यांना मानधनाचा हिस्सा मिळत राही, पण बाकीच्या तिघांची मिळकत जलशांवर होती आणि जलसे आटले होते. अ‍ॅटकिन्सन यांना स्थिर नोकरी हवी होती. ब्लन्स्टोन पुढे विमा कंपनीच्या कचेरीत रुजू झाले. एप्रिलमध्ये अल्बम दुकानांत आला तेव्हा तो मंचावर गाऊन दाखवायला, मुलाखती द्यायला, गावोगाव फिरायला कोणीच नव्हते. ज्या मालाला विक्रेताच नाही तो खपला नाही, याला उपेक्षा म्हणायचे की हिशेब?

आस्वादक: हिशेबच म्हणावे. मात्र त्याच हिशेबात पुढची ओळही मांडावी. अमेरिकन संगीतकार अल कूपर तेव्हा कोलंबिया कंपनीत निर्माता म्हणून काम करीत होते. लंडनच्या फेरीत त्यांनी तबकड्यांचा एक गठ्ठा विकत घेतला, त्यात हा अल्बम होता; तो ऐकून त्यांनी कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्याकडे आग्रह धरला, तेव्हा कुठे डेट या दुय्यम नाममुद्रेखाली तो अमेरिकेत निघाला. ‘बुचर्स टेल’ पडल्यानंतर अल्बममधील सर्वांत शेवटचे गीत, ‘टाइम ऑफ द सीझन’, सिंगल म्हणून आले, आणि बेसचा दोन-तीन स्वरांचा आकडा, एक टाळी व एक सोडलेला श्वास एवढ्या भांडवलावर उभे असलेले ते गीत १९६९ च्या वसंतात ‘बिलबोर्ड’च्या तिसऱ्या क्रमांकावर पोचले. पिकते तिथे विकत नाही, या म्हणीला याहून चोख उदाहरण मिळणार नाही.

चिकित्सक: उदाहरण चोख आहे, पण ते आपल्याच बाजूवर उलटते. जे गीत लक्षावधी घरांत वाजले त्याचा अल्बम उपेक्षित कसा?

आस्वादक: कारण त्याच सुमारास अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत पंचाण्णवच्या वर चढू शकला नाही. तिसरा आणि पंचाण्णवावा, या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळे उत्तर आहे. लोकांनी एक गीत उचलले आणि उरलेली अकरा तशीच ठेवली. ज्याने फक्त ते गीत ऐकले आहे त्याला हा वाद्यवृंद सॅन फ्रान्सिस्कोच्या उन्हाळ्यात केसांत फुले माळून फिरणाऱ्यांपैकी वाटतो. वस्तुतः ते गीत मुद्रित करताना ब्लन्स्टोन आणि अर्जंट यांच्यात कडाक्याचे भांडण झाले होते, आणि त्यातील ऑर्गनच्या दोन्ही आवर्तनांवर जॅझची, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या उत्स्फूर्त वादनपरंपरेची, स्पष्ट छाप आहे. तुरुंगाच्या पत्राने उघडणारी, एमिलीपासून खाटकापर्यंत उतरणारी आणि तिथून या गीताशी येऊन थांबणारी जी पस्तीस मिनिटांची वाट आहे, ती चालून जाणारे फार थोडे होते. उपेक्षा झाली ती त्या वाटेची.

हा युक्तिवाद संपूर्ण वादाचा कणा म्हणावा लागेल. सिंगल हे वस्तुविक्रीचे एकक, तर अल्बम हा १९६७ नंतर हळूहळू रचनेचे एकक बनत होता. प्रस्तुत अल्बम रचला गेला तो दुसऱ्या अर्थाने आणि विकला गेला तो पहिल्या अर्थाने. गंमत अशी की यशाचा फायदाही भलत्यांनीच घेतला: मूळ पाच जण पुन्हा एकत्र यायला तयार नसल्याने अमेरिकेत याच नावाचे तोतये वाद्यवृंद फिरू लागले, आणि त्यांतील एकात डस्टी हिल व फ्रँक बीअर्ड हे टेक्सासचे दोन तरुण होते, जे पुढे ‘झीझी टॉप’ या वाद्यवृंदामुळे जगप्रसिद्ध झाले. वाद्यवृंदाचे नावच चालतीबोलती प्रेते, तेव्हा याहून वेगळे काय घडायचे.

चिकित्सक: मेलेल्या म्हशीला मणभर दूध! पुढचा सगळा कीर्तिविस्तार याच न्यायाने झाला. पॉल वेलर यांच्यासारख्या नंतरच्या पिढीतील गायकांनी नाव घेतले, संग्राहकांनी किमती चढवल्या, आणि २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांच्या यादीत याला ऐंशीवे स्थान दिले. २०१२ मध्ये तो शंभरावर गेला, २०२० मध्ये दोनशे त्रेचाळीसावर. तबकडीवरचा एकही स्वर या सतरा वर्षांत बदललेला नाही. तेव्हा यादी मोजते ती तबकडी की मोजणाऱ्यांची हवा?

आस्वादक: हवाच मोजते. १९६९ ची विक्रीची यादीही हवाच मोजत होती, म्हणून तिचा निकाल अंतिम मानू नये एवढीच विनंती आहे. बाकी, स्वर बदललेला नाही हे आपले विधान या अल्बमबाबत अगदी काटेकोरपणे खरे नाही.

हे शेवटचे वाक्य वादासाठी फेकलेले नाही, त्यामागे एक तपशील आहे. १९६७ मध्ये ध्वनिमुद्रण प्रथम ‘मोनो’साठी, म्हणजे सर्व आवाज एकाच ध्वनिक्षेपकातून ऐकू येतील अशा रीतीने, मिसळले जाई; ‘स्टिरिओ’, ज्यात डावीकडून व उजवीकडून वेगळे आवाज येतात, ते तोवर दुय्यम होते. सीबीएसने स्टिरिओ प्रतही मागितली तेव्हा दिलेले पैसे संपले होते, आणि अर्जंट व व्हाइट यांनी सुमारे दोनशे पौंड आपल्या खिशातून घालून ती करून दिली. ‘धिस विल बी अवर इयर’ या गीतापाशी मात्र अडचण आली. त्यातील पितळी सुषिर वाद्ये, म्हणजे ट्रंपेटसारखी फुंकीची वाद्ये, पूर्वीचे निर्माते केन जोन्स यांनी मोनो मिश्रण उतरवून घेतानाच त्यावर चढवली होती. चार पट्ट्यांच्या मूळ फितीवर ती कधी नव्हतीच. परिणामी खरी स्टिरिओ प्रत करायची तर ती वाद्ये गळणार, आणि ठेवायची तर मोनोलाच स्टिरिओचा आभास द्यावा लागणार. त्या वेळी दुसरा मार्ग पत्करला गेला. म्हणजे नव्या वर्षाची आशा सांगणारे हे दोनेक मिनिटांचे साधे गीत, ज्याची चाल ऐकून कोणालाही त्यात काही गुंता असेल असे वाटणार नाही, एकाच अल्बममध्ये बाकीच्या गीतांहून वेगळ्या जातीच्या आवाजात बसले आहे.

चिकित्सक: मग ‘तो अल्बम’ म्हणून आपण ज्याचे गुण गाता, ती वस्तू एक तरी आहे का? मोनो ऐकणाऱ्याचा अल्बम वेगळा, स्टिरिओवाल्याचा वेगळा. आणि आवरणावर तर नावही चुकलेले! व्हाइट यांच्याबरोबर राहणाऱ्या टेरी क्वर्क या चित्रकार मित्राने वेलबुट्टीने भरलेले ते सुरेख चित्र काढले, पण ‘ओडिसी’च्या इंग्रजी वर्णलेखनात ‘वाय’च्या जागी ‘ई’ घातला. अर्जंट यांनी सहकाऱ्यांना सांगितले की ही चूक नाही, ‘ओड’ या काव्यप्रकारावर केलेला तो मुद्दाम श्लेष आहे. आणि ती थाप असल्याचे कित्येक वर्षांनी कबूल केले. चुकीला मागाहून अर्थ चिकटवण्याची ही जी हातोटी, तीच पुढे समीक्षकांनी ‘काळाच्या पुढे’ म्हणत सबंध अल्बमवर चालवली, असा संशय घ्यायला जागा आहे.

आस्वादक: ‘काळाच्या पुढे’ हे विशेषण टाकून द्यायला हरकत नाही. हा अल्बम १९६७ चाच आहे, त्या वर्षीच्या यंत्रांचा, त्या वर्षीच्या पैशांचा. तो पुढे गेला असे म्हणण्यात त्याचा गौरव होत नाही. पण त्याची एक कसोटी अशी आहे जी कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. पाच माणसांनी आवाजावर आवाज चढवून तो घडवला होता, त्यामुळे त्याच पाच माणसांना तो मंचावर सादर करणे शक्यच नव्हते. मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायर या नाट्यगृहात तो प्रथमच सलग सादर झाला, तेव्हा वाद्यवृंदातील हयात चौघांच्या जोडीला आणखी गायक-वादक घ्यावे लागले, आणि मेलोट्रॉनचे भाग वाजवण्यासाठी डॅरियन सहनाजा यांना अमेरिकेहून यावे लागले. मूळ तबकडीवरील एकही आवाज गाळायचा नाही, असा वाद्यवृंदाचा हट्ट होता. चाळीस वर्षांनी बारा गीते त्याच क्रमाने, एकामागून एक उभी राहिली, आणि कोठेही जोड द्यावी लागली नाही.

चिकित्सकाने यावर प्रतिवाद केला नाही. त्याने फक्त एवढेच विचारले की त्या कार्यक्रमात लग्नपत्रिकेतल्या नावांचे ते गीतही म्हटले गेले का. म्हटले गेले. ‘फ्रेंड्स ऑफ माइन’ हे अकरावे गीत, शेवटच्या आधीचे. त्यातील जोडप्यांच्या यादीत गिटारवादक पॉल अ‍ॅटकिन्सन यांचेही नाव आहे. अ‍ॅटकिन्सन २००४ मध्ये वारले होते. गिटार त्या दिवशी कीथ एअरी यांच्या हाती होती, आणि मागच्या गायकांनी यादीतील सर्व नावे १९६७ मध्ये मुद्रित झाली होती त्याच क्रमाने घेतली.